शिधा, सोवळे आणि समुद्र : आहारनियम सांभाळून केलेल्या परदेशप्रवासांचा इतिहास (१७८१–१९६४)

परदेशगमनाचा इतिहास लिहिताना प्रवासी कोणत्या मार्गाने गेला, त्याने कोणती शहरे पाहिली आणि परत येऊन कोणते विचार मांडले, यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. तो वाटेत काय जेवला आणि कोणाच्या हातचे जेवला, हा प्रश्न मात्र गमतीच्या आठवणींत किंवा तळटीपेत जाऊन पडतो. भारतीय प्रवाशांच्या बाबतीत ही विभागणी अन्यायाची आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेला निघालेल्या सवर्ण हिंदू माणसाच्या दृष्टीने अन्न हीच खरी सरहद्द होती. बोटीचे भाडे जमवता येत असे, भाषाही शिकता येत असे. पण परत आल्यावर पंक्तीत पान मांडले जाईल की नाही, याचा निर्णय त्याच्या हाती नसे.

प्रस्तुत लेखात १७८१ ते १९६४ या कालखंडातील काही निवडक प्रवासांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. या पावणेदोनशे वर्षांत आहारनियमाचे बाह्य रूप फारसे पालटले नाही. ‘मांस खाणार नाही’ हे वाक्य प्रारंभी जसे उच्चारले गेले, तसेच अखेरीसही. पालटला तो त्याचा अर्थ. आरंभी हा नियम स्वयंपाक कोण करतो याविषयी होता आणि तो मोडला की नाही हे ठरवणारी सत्ता ज्ञातीकडे होती. पुढे तो पानात काय वाढले आहे याविषयीचा झाला आणि त्याचा निवाडा प्रवाशाची स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी करू लागली. हे स्थित्यंतर सर्वांसाठी सारखे नव्हते, आणि त्याची किंमतही सर्वांनी सारखी मोजली नाही. ती कोणी मोजली, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

१. जमिनीवरची व्यवस्था आणि तिची मर्यादा

आहारनियम पाळणाऱ्या माणसाला प्रवास अशक्य होता, ही समजूत बरोबर नाही. काशी, रामेश्वर, द्वारका अशा दीर्घ यात्रा शतकानुशतके चालत आल्या, आणि त्यांच्यासाठी एक पक्की व्यवस्था उभी राहिली होती. प्रवासी बरोबर कोरडा शिधा घेई : सातूचे पीठ, पोहे, गूळ, मेतकूट. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी प्रवासात चालत असे, कारण सोवळ्याचा मुख्य आक्षेप पाण्यात शिजलेल्या अन्नाला होता. मुक्कामावर नदी किंवा विहीर पाहून, तीन दगडांची चूल मांडून माणूस स्वतःचा भात स्वतः शिजवून घेई. मोठ्या क्षेत्रांत राजेरजवाड्यांनी आणि सावकारांनी चालवलेली अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या, आणि ओळखीपाळखीतून मिळणारी स्वजातीयांची घरेही होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात दक्षिणी ब्राह्मणाला उत्तर हिंदुस्थानात आधार देणाऱ्या या संबंधांचे जाळे स्पष्ट दिसते.

समुद्रावर मात्र ही व्यवस्था संपत असे. जहाजावर वेगळी चूल नाही, वाहते पाणी नाही, अन्नछत्र नाही. धर्मशास्त्रातील समुद्रप्रवासाचा निषेध या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयानाचा उल्लेख उत्तरेकडील लोकांच्या आचारांत येतो आणि पातित्य आणणाऱ्या कर्मांतही येतो. म्हणजे लोक समुद्रावर जात होते, आणि शास्त्रकारांना ते मान्य नव्हते, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्रप्रवास केलेल्या द्विजाला, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, व्यवहारात सामावून घेऊ नये असा कठोर नियम आला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. ही वचने आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत मोठे अंतर होते. एकोणिसाव्या शतकातील वाद पाहिले, तर परत आलेल्या माणसाला सहसा ‘तू समुद्र का ओलांडलास’ एवढेच विचारले जात नसे. ‘तेथे काय खाल्लेस आणि कोणाबरोबर’ हा खरा प्रश्न असे.

२. बीकन्सफील्डचे काचगृह

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा प्रारंभ रघुनाथराव पेशव्यांच्या वकिलातीपासून करता येतो. पेशवाईवरील हक्कासाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या रघुनाथरावांनी आपली बाजू थेट विलायतेत मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला पाठवले. त्यांच्याबरोबर दोन पारशी गृहस्थ होते, पिता आणि पुत्र. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. राजकारणाच्या दृष्टीने वकिलात निष्फळ ठरली; १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांच्या आशा संपुष्टात आणल्या. आहाराच्या इतिहासात मात्र तिचे स्थान लक्षणीय आहे.

हणमंतरावांसमोर प्रश्न होता तो राहण्याचा आणि स्वयंपाकाचा. लंडनमधील त्यांची गैरसोय पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांच्या लक्षात आली आणि त्यांनी या पाहुण्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले. तेथे झाडांसाठी बांधलेले मोठे काचगृह त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यात ते आपला स्वयंपाक आपण करीत, स्नानसंध्या करीत, आणि यजमानाच्या घरात असूनही त्याच्या पाकगृहापासून अलिप्त राहत. याच काळात हिंदुस्थानातील न्यायव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे हणमंतरावांची साक्ष झाली आणि हिंदूंच्या जातिनियमांविषयी त्यांना प्रश्न विचारले गेले. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणाऱ्या बर्क यांना हिंदू आचाराचा हा एक प्रत्यक्ष परिचय होता.

वकिलातीच्या परतीविषयीची हकीकत फ्रान्सिस विल्फर्ड याने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात दिली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रघुनाथरावांनी पाठवलेले दोन ब्राह्मण परतल्यावर त्यांना बहिष्कृत मानण्यात आले. परंतु त्यांचे चारित्र्य आणि त्यांनी पत्करलेले राजकार्य लक्षात घेऊन त्यांचा पुनर्जन्म झाला असे मानावे, असे ठरले. त्यासाठी स्त्रीची किंवा गाईची सुवर्णप्रतिमा करून तिच्यातून पार होण्याचा विधी सांगितला गेला, आणि संपूर्ण प्रतिमेचा खर्च फार म्हणून केवळ सुवर्णाच्या योनीतून पार होणे पुरेसे मानले गेले.

या हकीकतीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, विलायतेत काचगृहात वेगळी चूल मांडून कटाक्षाने पाळलेले सोवळे त्या माणसाला वाचवू शकले नाही. नियम पाळला याचा पुरावा प्रवाशापाशी असून भागत नव्हते. तो ग्राह्य धरण्याचा अधिकार इतरांकडे होता. दुसरी गोष्ट अशी की, कलिवर्ज्य वचनांनी बंद केलेले दार सत्ता आणि सोने यांच्यापुढे उघडत होते. शुद्धीचा मार्ग होता, पण तो पेशव्यांच्या वकिलासाठी होता. सामान्य गृहस्थाला तो परवडणारा नव्हता.

पैसा आणि अधिकार असला की नियम किती थाटाने पाळता येतो, याचे टोकाचे उदाहरण सव्वाशे वर्षांनंतरचे आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ साली विलायतेला निघालेले जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह यांनी ‘ऑलिंपिया’ हे जहाज भाड्याने घेतले आणि पिण्यासाठी चांदीच्या प्रचंड घटांत गंगाजल भरून नेले. त्यांतील दोन घट जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. काचगृहाऐवजी येथे सबंध जहाजच सोवळ्यात घेतले गेले, एवढाच फरक.

३. १८८३ : दोन स्त्रिया

मुंबई इलाख्यात १८६० साली महिपतराम रूपराम हे गुजराती नागर ब्राह्मण शिक्षक इंग्लंडला गेले आणि परतल्यावर त्यांना दीर्घकाळ ज्ञातिबहिष्कार सोसावा लागला. या वातावरणात वीसेक वर्षांनी दोन मराठी स्त्रियांनी समुद्र ओलांडला. त्यांनी जे प्रश्न उभे केले, ते पुरुष प्रवाशांच्या प्रश्नांहून खोल होते.

आनंदीबाई जोशी यांचे जाहीर निवेदन महाराष्ट्रात झाले नाही. ते बंगालमध्ये झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात श्रीरामपूर येथे नोकरीला असताना २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, याविषयी लोक विचारीत असलेल्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. परतल्यावर वाळीत टाकले जाईल त्याचे काय, हा त्यांपैकी एक प्रश्न होता. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, मी येथे जशी राहते तशीच तेथे राहीन. अन्न, वेष, चालीरीती यांत बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीने आहारनियमाचा वापर येथे ढालीसारखा केला आहे. स्त्रीने वैद्यक शिकणे हीच मोठी मर्यादाभंगाची गोष्ट. ती पदरात पाडून घ्यावयाची, तर बाकीचे सर्व जसेच्या तसे ठेवण्याचे वचन द्यावे लागत होते.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून आनंदीबाई जूनच्या प्रारंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या. बोटीवर बहुतेक जेवण मांसाचे. त्यांच्या खाण्याजोगे फार थोडे. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे वागवले आणि त्यांच्या आहाराचा मान राखला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात मात्र अभ्यास, थंडी आणि स्वतःचा स्वयंपाक ही तिन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूचा दोष केवळ आहाराला देणे अशास्त्रीय ठरेल, कारण त्या काळी क्षयावर औषध नव्हते आणि त्यांची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. परंतु परक्या हवेत तुटपुंज्या अन्नावर राहून त्यांनी आपले वचन शब्दशः पाळले, ही वस्तुस्थिती चरित्र वाचताना नजरेआड करता येत नाही. या वचनाची किंमत आनंदीबाईंनी आपल्या शरीराने चुकवली.

पंडिता रमाबाई याच वर्षी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रूढ समजुतीप्रमाणे येथे आहाराचा प्रश्न संपावयास हवा होता. ज्ञातीच गेली, मग नियम कशाचा? परंतु रमाबाई शाकाहारी राहिल्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात अंडी, मासे, पुडिंग असे पदार्थ वारंवार येतात. ख्रिस्ती झाल्यावरही हे पदार्थ नाकारणे हा जातीचा अभिमान आहे, असा मठाचा आक्षेप होता. रमाबाईंनी आपल्यात जुने संस्कार उरले आहेत हे प्रांजळपणे मान्य केले, परंतु पूर्वजांच्या ज्या चाली आपल्याला सोडाव्याशा वाटत नाहीत त्या सोडण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेतली.

या पत्रव्यवहाराचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. पुण्यातील सनातनी आणि वाँटेजच्या भगिनी यांच्यात एका बाबतीत एकमत होते : अन्न ही धर्माची खूण आहे. एकाच्या मते ती राखली पाहिजे, दुसऱ्याच्या मते टाकली पाहिजे. रमाबाईंनी ही समजूतच नाकारली. धर्म बदलूनही पान न बदलणारी ही स्त्री आहारनियमाला ज्ञातीच्या आणि चर्चच्या, दोन्ही सत्तांच्या कक्षेबाहेर काढत होती. १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू केल्यावर तेथील हिंदू विधवांना आपापले आहारनियम पाळण्याची मोकळीक त्यांनी ठेवली, ती याच धारणेतून.

४. चहाचा पेला आणि आईला दिलेले वचन

१८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात धरला. या घटनेला प्रसिद्धी देण्यात गोपाळराव जोशी यांचाच पुढाकार होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि वाद दोन वर्षे धुमसत राहिला. लोकमान्य टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून दिले. न्यायमूर्ती रानडे यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. समुद्र न ओलांडता, शहरातल्या शहरात, एका पेल्याने हे घडले. प्रश्न भूगोलाचा कधीच नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

कलकत्त्यात याच दशकाच्या प्रारंभी हिंदूंच्या समुद्रप्रवासाविषयी चळवळ उभी राहिली. महाराजकुमार विनयकृष्ण देव यांच्या पुढाकाराने पंडितांची मते मागवण्यात आली. समुद्रप्रवास स्वतः दोषास्पद आहे, की परदेशातील अभक्ष्यभक्षण, असा प्रश्न तेथे नेमकेपणाने विचारला गेला. हिंदू रीतीने राहून केलेला प्रवास क्षम्य मानावा, असा सुधारकांचा कल होता. रानडे यांच्या सामाजिक परिषदेनेही परदेशातून आलेल्यांना ज्ञातीत घेण्याचा विषय वारंवार हाती घेतला.

या वादांच्या काळातच लंडनमध्ये एक काठेवाडी तरुण उपाशी फिरत होता. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाले, ते मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याचे वचन आईला देऊन. मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीने त्यांना त्यापूर्वीच वाळीत टाकले होते आणि निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरवला होता. बोटीवर इंग्रजी पदार्थांची नावे समजेनात आणि विचारण्याची भीड वाटे, म्हणून घरून आणलेली मिठाई आणि फळे खाऊन त्यांनी दिवस काढले. लंडनमध्येही अर्धपोटी अवस्था बरेच दिवस चालली. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी विकत घेतले. आत्मचरित्रात गांधींनी म्हटले आहे की, तोपर्यंत आपण वचनापोटी शाकाहारी होतो, त्यानंतर विचारपूर्वक झालो.

पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर गेले, बेजवॉटर भागात त्यांनी शाकाहारी क्लब काढला, १८९१ साली मंडळाच्या पत्रात लेख लिहिले. अंडे मांसात मोडते की नाही, या प्रश्नावर त्यांनी केलेला विचार रमाबाईंच्या पत्रव्यवहाराशी ताडून पाहण्याजोगा आहे. इंग्रज शाकाहाऱ्यांत मांसाच्या निरनिराळ्या व्याख्या प्रचलित होत्या. गांधींनी शेवटी आईच्या मनात जी व्याख्या असेल ती बंधनकारक मानली आणि अंडे सोडले. येथे शास्त्र, ज्ञाती किंवा चर्च यांपैकी कोणीही निर्णायक नाही. निर्णय दोन माणसांमधील विश्वासावर झाला आहे. तथापि परतल्यावर भावाच्या इच्छेखातर त्यांनी नाशिकला गोदावरीत स्नान केले आणि राजकोटला ज्ञातिभोजन दिले. नवा अर्थ रुजत होता, पण जुनी सत्ता अद्याप संपलेली नव्हती.

५. ज्यांना निवड नव्हती

येथवरच्या विवेचनातील सर्व माणसे उच्चवर्णीय आहेत. काय खाऊ नये हे ठरवण्यासाठी खाण्याला पर्याय असावा लागतो. १८३४ पासून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. बोटीवर शिधा सरकारी नियमाने ठरलेला, भटारखाना सामाईक, आणि पंगत एकच. महिना-दीड महिना शेजारी बसून खाल्ल्यावर ‘जहाजी भाई’ हे नवे नाते तयार झाले. या मजुरांसाठी कोणी सुवर्णप्रतिमा घडवली नाही, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना परत येऊन पंक्तीत बसण्याची संधीच मिळाली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. स्वदेशात ज्याच्या स्पर्शाने अन्न विटाळते असे मानले जाई, त्याला परदेशात इतरांच्या बरोबरीने एका टेबलावर बसता येत होते. आनंदीबाईंना सातासमुद्रापलीकडे जे गमावण्याची भीती दाखवली गेली, ते सहभोजन आंबेडकरांना तेथेच प्रथम मोकळेपणाने लाभले. १९२० नंतरच्या लंडनमधील वास्तव्यात मात्र त्यांचाही आहार अत्यंत मर्यादित होता. रात्री पापड आणि दूध यांवर भूक भागवून ते अभ्यासाला बसत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ही मर्यादा शास्त्राची नव्हती, दारिद्र्याची होती. परदेशातील अर्धपोटी विद्यार्थ्यांचा इतिहास लिहिताना या दोन भुका एकत्र मोजता कामा नयेत.

६. भिक्षापात्र

शिधा बरोबर नेण्याच्या परंपरेला वेगळे वळण देणारा मराठी प्रवासी म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यात साखवाळ येथे जन्मलेले कोसंबी बुद्धाच्या धर्माचे मूळ ज्ञान मिळवावे या ध्यासाने १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि पुढे ब्रह्मदेशातही राहिले. जवळ पैसा जवळपास नाही, मुक्कामाची निश्चिती नाही, आणि सामान पाठीवर मावेल इतकेच. काशीत त्यांनी अन्नछत्रावर राहून संस्कृतचा अभ्यास केला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी या सर्व प्रवासाची हकीकत अलंकाराविना सांगितली आहे.

सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील हा तरुण सिंहलद्वीपात श्रामणेर झाला, तेव्हा त्याच्या आहाराचे संपूर्ण व्याकरण पालटले. बौद्ध भिक्षूलाही कडक आहारनियम आहेत. मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य, साठवण वर्ज्य, स्वतः शिजवून खाणे वर्ज्य. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. एरवी पात्रात जे पडेल ते स्वीकारावे. ब्राह्मणी सोवळे सांगते की स्वतः शिजव, दुसऱ्याचे घेऊ नकोस. विनय सांगतो की स्वतः शिजवू नकोस, दुसऱ्याचेच घे. दोन्हींत संयम आहे, परंतु पहिल्यात प्रवासी समाजापासून वेगळा राहतो आणि दुसऱ्यात तो रोज सकाळी समाजाच्या दारात उभा असतो. कोसंबींना परक्या अन्नाचा शारीरिक त्रास झाला, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. मात्र त्या त्रासाला त्यांनी पातित्याचे नाव दिले नाही. भक्ष्याभक्ष्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचे जे धैर्य त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातील मांसाहारावरील चर्चेत दिसते आणि ज्यावरून पुढे मोठा वाद झाला, त्याची पूर्वतयारी या भिक्षापात्रात झाली असे म्हणता येईल.

७. पैशावाचून, मांसावाचून

या कालखंडाचा शेवट एका पदयात्रेने करणे उचित होईल. १९६१ साली अण्वस्त्रविरोधी आंदोलनात बर्ट्रांड रसेल यांना वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तुरुंगवास झाला. ती बातमी वाचून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन या दोन तरुण सर्वोदयी कार्यकर्त्यांनी अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या राजधान्यांपर्यंत पायी जाण्याचे ठरवले. सतीशकुमार मूळचे राजस्थानचे. बालपणी जैन मुनी झालेले आणि पुढे ती दीक्षा सोडून विनोबांच्या भूदान चळवळीत आलेले. निघण्यापूर्वी ते विनोबांकडे आशीर्वादासाठी गेले. विनोबांनी त्यांना दोन अटी घातल्या : बरोबर पैसा घेऊ नका, आणि सर्वत्र शाकाहारी राहा.

या अटींमागील विचार सतीशकुमार यांनी पुढे सांगितला आहे. पैसा असेल तर तुम्ही खानावळीत जेवाल आणि धर्मशाळेत झोपाल, कोणाला भेटणार नाही. नसेल तर लोकांच्या दारी जावेच लागेल. दारी गेल्यावर यजमान काही वाढील, तुम्ही शाकाहारी असल्याचे सांगाल, तो कारण विचारील, आणि अहिंसेचे बोलणे आपोआप सुरू होईल. हणमंतरावांचा आहारनियम यजमानापासून अंतर राखण्यासाठी होता. विनोबांच्या हाती तोच नियम यजमानाशी संवाद सुरू करण्याचे साधन झाला.

१ जून १९६२ रोजी दिल्लीत गांधींच्या समाधीपासून निघून हे दोघे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, आर्मेनिया, जॉर्जिया या मार्गाने मॉस्कोला आणि तेथून पोलंड, जर्मनी, बेल्जियममधून पॅरिसला पोहोचले. पाकिस्तानच्या सरहद्दीवर निरोपाला आलेल्या एका स्नेह्याने शिदोरीच्या पुड्या पुढे केल्या. सतीशकुमार यांनी त्या घेतल्या नाहीत. या अन्नाच्या पुड्या म्हणजे अविश्वासाच्या पुड्या होत, असे त्यांचे म्हणणे होते. सरहद्द ओलांडल्यावर वर्तमानपत्रातून त्यांची वार्ता वाचलेला एक अनोळखी पाकिस्तानी गृहस्थ त्यांना शोधीत आला आणि लाहोरला आपल्या घरी पाहुणचारासाठी घेऊन गेला. शिधा बरोबर बांधून निघण्याच्या पुरातन रीतीचा येथे जाणीवपूर्वक त्याग झाला आहे.

जॉर्जियात एका चहाच्या कारखान्यातील कामगार स्त्रीने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन येथील राज्यकर्त्यांना त्या द्याव्यात, आणि अण्वस्त्राची कळ दाबण्यापूर्वी घोटभर चहा घेऊन पुन्हा विचार करा असे सांगावे, हा तिचा निरोप होता. पॅरिसमध्ये निदर्शनामुळे तुरुंगवास, लंडनमध्ये रसेल यांची भेट, आणि त्यांच्या साहाय्याने मिळालेले अमेरिकेचे जहाज, असा प्रवास करीत हे दोघे जानेवारी १९६४ मध्ये वॉशिंग्टनजवळ अर्लिंग्टन येथे जॉन केनेडी यांच्या थडग्यापाशी पोहोचले. १८९० साली पुण्यात चहाच्या एका पेल्याने माणसे पंक्तीतून उठवली गेली. बहात्तर वर्षांनी एका अनोळखी स्त्रीने दिलेला चहा घेऊन दोन शाकाहारी भारतीय परक्या देशांतून चालत होते.

समारोप

वरील प्रवासांतून एक सरळ प्रगतीची रेषा काढण्याचा मोह टाळला पाहिजे. काचगृहातील वेगळी चूल इतिहासजमा झालेली नाही. परदेशी सहलींबरोबर स्वयंपाकी नेण्याची आणि रोज घरचे जेवण देण्याची सोय आज मोठ्या अभिमानाने जाहीर केली जाते. विमानकंपन्या तिकिटाबरोबरच हिंदू शाकाहारी की जैन भोजन, असे विचारतात. माधोसिंहांना ज्यासाठी सबंध जहाज भाड्याने घ्यावे लागले, ते आता एका खुणेने मिळते. यात गैर काही नाही. मात्र या सोयीमुळे आहारनियमाची किंमत प्रवाशाला मोजावी लागत नाही, आणि त्याबरोबरच त्याचे कारण सांगण्याची वेळही येत नाही.

अन्नाचा नियम केवळ पानातल्या पदार्थांचा विचार करून समजत नाही. तो कोणी घातला, मोडला तर शिक्षा कोण करणार, आणि पाळला तर प्रवासी इतरांच्या जवळ येणार की दूर जाणार, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. हणमंतरावांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतः देण्याचा अधिकार नव्हता. आनंदीबाईंनी तो मागितला नाही, पण वचन पाळताना आपले आयुष्य पणाला लावले. रमाबाईंनी दोन्ही बाजूंचा रोष पत्करून तो मिळवला. मॉरिशसच्या मजुरांना आणि आंबेडकरांना या अधिकाराच्या चर्चेत कोणी स्थानच दिले नव्हते. कोसंबी आणि विनोबांचे पदयात्री यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालटले. परदेशगमनाच्या मराठी इतिहासात या माणसांची नावे विद्या, धर्म, राजकारण अशा निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली आहेत. त्यांना एका पंक्तीत बसवले, तर जातिव्यवस्थेची सत्ता कोठे सैल झाली आणि कोठे केवळ रूप पालटून राहिली, हे अधिक स्वच्छपणे पाहता येते.